बाळंतपणाला आले, तेव्हा आई तुरुंगात

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. सातव्या महिन्यात मी आसेगावहून मेडशीला आले तेव्हा आईच्या घराला कुलूप होतं आणि आई वाशीमच्या तुरुंगात. सासू म्हणाली होती, "काहून जातं व? मी नाई का इथं?" पण मी हट्टाला पेटले होते. म्हटलं, एवढं पोट घेऊन तिच्या घरात जाऊन बसते, मग बघू ती कशी येत नाही. मोठी शहाणीच की नाही मी!

आई गायरानाच्या चळवळीत. गावाबाहेरच्या पडीक सरकारी जमिनीवर भूमिहीन लोकांनी तूर पेरली होती. ती मोडायला सरकारी माणसं आली तेव्हा या बाया आडव्या झाल्या आणि पोलिसांनी आईसकट चौघींना धरलं. वकील म्हणाले, आईनं कोर्टात एवढंच सांगायचं की आमचं चुकलं, चळवळ सोडली; मग जामिनाला कोणी आडवं येणार नाही. पण एकीनं चुकलं म्हटलं की बाकीच्या तिघींची बाजू पडते. म्हणून आई दर तारखेला नाही म्हणत होती.

मुलाकातीला मी एसटीनं जायची. अकोल्याकडून येणारी गाडी भरलेलीच असे; पोट बघून कोणीतरी उठायचं. जाळीपलीकडून आई आधी माझे पाय सुजलेत का ते विचारायची आणि मग तिच्या अमेरिकेवर यायची. मागे चळवळीच्या एका शिबिरात कोणीतरी या बायांना तिकडच्या काळ्या लोकांच्या मुक्तीच्या चळवळीबद्दल सांगितलं होतं, फोटो दाखवले होते. आपल्या लोकांपायी तरणेपणी आत गेलेली माणसं, तिथंच केस पांढरे झाले, पण चळवळ सोडली असं काही म्हणाली नाहीत. त्यांत बायाही होत्या. या चौघी बराकीत त्यांच्याबद्दल अशा बोलायच्या, जशा काही मालेगावच्या बाजारात भेटलेल्या मावश्या.

मी दर वेळी म्हणायची, चुकलं म्हन अन् घरी चाल; त्यावर हेच ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. एकदा म्हटलंच, "त्या काळ्या बायांले लेकी नव्हत्या काय?"

"होत्या ना."

"मंग त्यांची बाळंतपणं कोनं केली?"

आई पुन्हा माझ्या पायांची सूज विचारायला लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दिवस भरत आले तशा आईच्या टोळीतल्या बाया घरी यायला लागल्या. सोयाबीन सोंगायला या सगळ्या मिळून जातात. शेतात प्रत्येकीची आपली पात असते, म्हणजे कापत जायची ओळ. जिची आधी संपते ती पाणी प्यायला बसत नाही. वळते आणि मागे पडलेलीच्या पातीला लागते. आईची पात मागे राहिली असं धरून त्या माझ्याकडे आल्या होत्या. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात त्यांच्यातल्याच एकीनं माझा हात धरला. तिची सख्खी जाऊ आईबरोबर आत होती. त्याबद्दल ती अक्षर बोलली नाही. आणि मला तिचाच राग येत होता. किती का मायेनं करेना, मला ती नको होती, मला माझी माय पाहिजे होती.

सव्वा महिना झाल्यावर बाळ घेऊन वाशीमला गेले. ती बाईही सोबत आली, तिला जावेला भेटायचं होतं. आई पार वाळली होती. तिनं नातीला जाळीतून बघितलं, हात लावायची सोय नव्हती. अमेरिकेचं तिनं नावही काढलं नाही. मग म्हणाली, "थकली मी व. परवा तारीख हाये. वकीलसायब पुन्हा इचारतीन. तू सांग. तू म्हनशीन तर म्हनतो मी, चुकलं."

याच वाक्यासाठी मी इतके महिने घसा कोरडा केला होता. आता ते समोर आलं, तर मला बाहेर भिंतीच्या सावलीत आपल्या पाळीची वाट बघत, माझी पिशवी सांभाळत बसलेली ती बाई दिसायला लागली. आई सुटली आणि तिची जाऊ अडकली, तर बाहेर गेल्यावर तिला मी काय तोंड दाखवणार होते? जावेचं काय झालं म्हणून तिनं विचारलंही नसतं.

"राहू दे," मी म्हटलं. "नको म्हनू."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला हो ऐकायचं होतं. तिचं तोंड मला वाचता येतं, लेक आहे मी तिची. पण ती एवढंच म्हणाली, "बरं." मग पोरीला टोपी घालत जा, वारं लागते, असं वेळ संपेपर्यंत काहीबाही सांगत राहिली.

त्या तारखेला ती नाही म्हणाली. पोरगी आता रांगते, आई अजून आतच आहे. पूर्वी कोणी विचारलं की मी चिडून सांगायची, चळवळीनं माझी आई आत ठेवली आहे म्हणून. आता तसं सांगता येत नाही.