आज कुठं अडणार?

समोरच्या प्लॉटवर चिऱ्याची इमारत चढतेय. तिथल्या सुपरवायझरचं नाव मला अजून माहीत नाही, पण सकाळी गॅलरीत चहा घेताना तो रोज दिसतो. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटखाली ओला पंचा. काम सुरू व्हायच्या आधी तो सगळ्यांना गोळा करतो आणि एकच विचारतो, "आज कुठं अडणार?" मग गप्प उभा राहतो, इतका वेळ की वर बसून मलाच अवघडल्यासारखं होतं. शेवटी कुणीतरी बोलतं. वाळू ओली आहे, मिक्सर आवाज करतोय. तो ते तळहातावर पेनाने लिहून घेतो.

परवा एक गवंडी म्हणाला, "खिडकी वीतभर सरकलेय. माप तुम्हीच दिलेलं."

भिंत छातीपर्यंत आली होती. सगळे खाली बघायला लागले. सुपरवायझरने टेप लावला, पुन्हा एकदा लावला.

"बरा झाला आत्ता बोललास," तो म्हणाला. पहार मागून घेतली आणि वरचा पहिला चिरा स्वतःच सोडवला. चिडला नाही, हसलाही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला गप्प उभं राहावंच लागलं नाही. तीन-चार जण एकदम बोलायला लागले.

माझ्या हाताखाली ऑफिसात सात माणसं आहेत. काल मीही त्यांना विचारलं, "आज कुठं अडणार?" आणि त्याच्यासारखाच थांबून राहिलो. बराच वेळ थांबलो.

"कुठंच नाही, सर," सातही जण म्हणाले.