कार्ड थंड पडलं ती तेरा मिनिटं

भानामती, झपाटणं, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नव्हतो. माय अजूनही देवऋषाकडं जाऊन येते, पण मी आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन. दिवा लुकलुकला तर न्यूट्रलची वायर सैल असणार, एवढंच माझं डोकं चालतं. म्हणूनच हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. कुणाला घाबरवायचं नाहीये. झालं ते झालं तसं सांगतो.

लातूरला रेल्वेनं पाणी नेलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो आणि हर्सूलला दुसऱ्या मजल्यावर खोली करून राहत होतो. तिथल्या तलावाचा तळ उघडा पडला होता, भेगांत पाय जाईल इतका. पण प्लॉटिंग मात्र जोरात... दर महिन्याला एखादी नवी इमारत उभी राहायची आणि तिच्या दारात टँकरची वाट बघणारी निळी पिंपं. खोलीत माझ्यासोबत जालन्याचा इम्रान होता. तो कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला.

आमचं घर करमाडला. माय तिथं. वडील, म्हणजे आबा, मेंढ्या राखायचे. त्या साली करमाडकडं काडी उरली नव्हती, म्हणून आबा आणि त्यांचे चुलतभाऊ नाना मेंढ्या घेऊन गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या पट्ट्यात जाऊन बसले होते. एका मळ्याच्या कडेला त्यांचा तळ होता.

मी नुकताच पहिला पीसी जोडला होता. सगळे भाग जुने, इम्रानच्या ओळखीनं घेतलेले. गेम चालायचा, पण अडकत अडकत. मग मला ओव्हरक्लॉकिंगचं वेड लागलं — म्हणजे ग्राफिक्स कार्ड कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा थोडं जास्त पळवायचं. इम्राननं आधी नाहीच म्हटलं.

"ठंडी में कर ना भाई. ये मौसम है क्या?"

मी ऐकेना, तेव्हा त्यानं नीट शिकवलं. एका वेळी वेग फक्त पंधरा मेगाहर्ट्झनं वाढव. प्रत्येक वेळी कार्डावर पूर्ण लोड टाकणारी टेस्ट लाव. टेंपरेचर चौऱ्याऐंशीच्या वर गेलं की बंद. स्क्रीनवर रंगीत ठिपके दिसले की मागं ये. "और व्होल्टेज को हात नक्को लगा. बिल्कुल नक्को."

सुट्टीचा दिवस होता. सकाळी दहापासून मी बसलो. पंधरा, तीस, पंचेचाळीस... नव्वदला ठिपके आले, म्हणून पंचाहत्तरवर परत आलो. आता शेवटची तासाभराची टेस्ट राहिली होती. ती पास झाली की काम फत्ते. दुपारी एकला ती लावली. खोलीत भट्टी झालेली. कूलरमध्ये टाकायला पाणी नव्हतं, त्यामुळं तो नुसती गरम हवा फेकत होता. भिंतीवरचं डिजिटल घड्याळ खोलीचं टेंपरेचर चाळीस दाखवत होतं, कार्ड एक्क्याऐंशी. पंखे नुसते किंचाळत होते.

सव्वा वाजता आबांचा फोन आला.

"भरत, कामात हायेस का?"

"बोला आबा."

"हितली मळ्यातली मोटर बंद पडलीय. मालक बी गावाला गेलाय. मेंढरं सकाळधरनं तहानलीत रे. तू येऊन वायरीचं बघतोस का?"

माझी नजर स्क्रीनवर. "आत्ता आबा? पोचेस्तोवर तीन वाजतील. संध्याकाळच्याला आलो तर?"

मागं मेंढ्या ओरडत होत्या.

"व्हय, ऊन लई हाय. नको येऊस. म्या बघतो काय ते."

टेस्ट बंद करायला एक क्लिक पुरतो. मी केला नाही.

वीसेक मिनिटं गेली असतील. मला आधी कळलं ते पंख्यांवरून. त्यांचा आवाज उतरायला लागला. मला वाटलं टेस्ट बंद पडली, पण नाही... स्क्रीनवर लोड शंभर टक्के, वेग पूर्ण. टेंपरेचर मात्र खाली येत होतं. सत्तर. अठ्ठावन्न. चाळीस. चाळीसलाही थांबेना. खोलीत चाळीस असताना, पूर्ण लोडवरचं कार्ड त्याखाली जाऊच शकत नाही... शेवटी एकोणीसवर येऊन आकडा थांबला. कार्ड थंड, म्हणून पंखे आपोआप बंद झाले. खोली एकदम गप्प.

"इम्रान, हिकडं ये."

तो पलंगावर आडवा झाला होता. उठून आला, आकडा बघून हसला. "सेन्सर गया होंगा." आणि कॅबिनेटची बाजू उघडून त्यानं कार्डाच्या पाठीवर बोट टेकवलं. लगेच मागं घेतलं.

"अबे... ये तो बरफ हो रा."

मीही हात लावला. कार्डावर पाणी होतं. खरोखरचे थेंब, कडेला जमून खाली गळत होते. आणि वास... तो वास मला लहानपणापासून माहीत होता. विहिरीत वाकून हाक मारली की वर येतो तो, शेवाळाचा, ओल्या दगडाचा. ज्या खोलीत प्यायला दोन बाटल्या पाणी होतं, तिथं तो वास भरून राहिला होता.

आम्ही दोघं नुसते उभे. वायर ओढायचंही सुचलं नाही. मग एकाएकी आकडा वर उसळला. पन्नास, बहात्तर, एक्क्याऐंशी. पंखे पुन्हा किंचाळायला लागले. थेंब बघता बघता वाळले. ठरल्या वेळी टेस्ट संपली. पास.

तीनला नानांचा फोन आला. "भरत, लवकर ये. आबा हिरीत पडला."

इम्राननं गाडी काढली. वाळूजमार्गे पोचलो तेव्हा आबांना वर काढून लिंबाखाली ठेवलं होतं. अंगावरचे कपडे अजून ओले होते. मोटर चालेना म्हणून ते बादली घेऊन विहिरीत उतरले होते. पायरीचा दगड निखळला. नाना मेंढ्यांमागं लांब गेलेले, अडीचला परत आल्यावर आबांना शोधत विहिरीवर आले. पाणी छातीभरच होतं. आबांना पोहता येत होतं.

"डोस्क्याला दगड लागला," नाना म्हणाले. "लगेच गेला असंल. तरास झाला नसंल." मायनं तेवढं वाक्य घट्ट धरून ठेवलं. येईल त्याला तेच सांगायची.

निघण्याआधी मी मोटरचा स्टार्टर उघडून बघितला. आतली एक वायर सुटलेली. स्क्रू आवळला, मोटर सुरू झाली. मेंढ्या पाण्यावर तुटून पडल्या.

पुढं बऱ्याच दिवसांनी मी तो पीसी लावला. टेस्टच्या वेळी टेंपरेचरची सेकंदासेकंदाची नोंद फाईलमध्ये होते. त्यात स्पष्ट होतं... एक अडतीसला पडायला सुरुवात, एक एकावन्नला परत वर. तेरा मिनिटं. इम्राननं कार्ड दुकानात नेऊन चार दिवस तपासलं. सेन्सर चांगला होता. मी स्वतः त्या विहिरीवर जाऊन दोरीला थर्मामीटर बांधून सोडला — पाणी सव्वीस निघालं, एकोणीस नाही. म्हणजे तेही जुळत नाही. हवेत ओल नसताना थेंब कुठून आले, हे मी इंजिनिअर लोकांना विचारलं. काहींनी काहीबाही सांगितलं, काही माझ्याकडं बघत राहिले. आजही मला ते कळलेलं नाही. ती खूण होती म्हणावं, तर खूण आबांच्या फोनच्या आधी यायला पाहिजे होती. आणि आधी आली असती तरी मी उठलो असतो का... हेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

मायला हे सांगायला नको होतं. वर्षश्राद्धाच्या दिवशी, माणसं जेवून गेल्यावर, ती भांडी आवरत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं. कार्ड, थेंब, वास, फाईल, सगळं. तिला कार्ड म्हणजे काय ते समजलं नाही. पण ती हातातलं ताट तसंच धरून ऐकत राहिली.

मग म्हणाली, "तेरा मिन्टं?"

"व्हय."

"म्हंजी... पडल्यावर तेवढा वखत त्यो जित्ता व्हता का रे?"

मी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"नाय माय," मी म्हटलं. "ते मशीनच बिघडलेलं होतं."