आक्काची तपासणी

नांदेडच्या एका केंद्रात मी मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढायच्या मशीनवर काम करते. रोज अनोळखी बायका येतात. त्या दिवशी उमरीहून माझी थोरली बहीण आली. डाव्या छातीत ओढल्यासारखं होतंय म्हणून मीच तिला बोलावलं होतं. वर्षापूर्वी एका शिबिरात तिच्या छातीचा साधा मॅमोग्राफीचा फोटो काढला होता, त्यात काही निघालं नव्हतं.

"तवा न्हाई निघालं, तर आता कुठून येतंय? तू मागं लागली म्हणून आले," आक्का म्हणाली.

आमचं मशीन थ्रीडी. छाती दाबून धरली की मशीनचा हात कमानीसारखा फिरतो, वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतो. मग पडद्यावर एकेक पातळ थर सुटा बघता येतो. साध्या फोटोत एकावर एक पडून झाकलेलं इथं उघडं पडतं.

"श्वास धर, आक्का. हलू नको."

उजवी बाजू स्वच्छ होती. डावीचे थर मी सरकवत गेले. मध्यावर एक पांढरा ठिपका उमटला. पुढच्या थरात तो वाढला, त्याला चहूबाजूंनी काटे फुटले. आणखी काही थरांनंतर विरला. मी थर पुन्हा मागे सरकवले. ठिपका होताच.

असे काटे मी आधी पाहिले होते. त्या बायकांचं पुढं काय झालं, तेही ठाऊक होतं.

"काय दिसून राहिलं गं?" आक्कानं विचारलं.

निदान सांगणं डॉक्टरांचं काम, आम्ही बोलायचं नसतं. "डॉक्टर बघतील," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "आई गेली तवा तुझं तोंड असंच झालतं," म्हणाली आणि ब्लाऊजची बटणं लावू लागली.

डॉक्टरांनी सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. आठ दिवसांनी अहवाल आला: कॅन्सर. लातूरला ऑपरेशन झालं. गाठ लहान होती, काखेत पोचली नव्हती.

टाके सुकत आले तेव्हा तिनं विचारलं, "तुला त्याच दिशी कळलं होतं ना?"

"हाव."

"मग ते आठ दिवस माझ्याजवळ येऊन बसायचं होतंस. लई भ्याले मी."

डॉक्टर मला म्हणाले, "सख्ख्या बहिणीला झालंय, तुमचीही तपासणी करून घ्या." मी सोमवारी करते म्हणाले. त्यानंतर सहा सोमवार गेलेत.