शेवटपर्यंत थांबणाऱ्यास प्रमाणपत्र

पाचूबंदरच्या कोळणींना नेतृत्व शिकवायचं, हे आमच्या सेवा क्लबाने तीन बैठकांत ठरवलं. शेवटपर्यंत थांबणारीलाच प्रमाणपत्र, हेही ठरलं. लिलावाची वेळ मात्र कुणी विचारली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा एक बाई मासळीचा लिलाव पुकारत होती. नुसत्या भुवईने माणसं हलवत होती. आमचा बॅनर तिनेच बांधून घेतला, बायकांना बसवलं आणि अध्यक्षांना म्हणाली, "पटकन सांगा, बरफाचं पानी होतंय."

अध्यक्ष वेळेच्या नियोजनावर तासभर बोलले. एकेक करत सगळ्या उठून गेल्या.

तरी मी त्या लिलाव पुकारणाऱ्या बाईला प्रमाणपत्र द्यायला गेलो. तिने ते वाचून परत केलं. "तुमच्या सायबांना द्या. शेवटपर्यंत तेच थांबले."

तिचं नाव विचारणं आमच्या नियोजनात नव्हतं. प्रमाणपत्रावर अध्यक्षांचं घातलं; त्यांनी ते फ्रेम करून घेतलंय.