बेशुद्ध माणसाचा आशीर्वाद
परवा बेगम बाजारात कुणीतरी ओलं पोतं झटकलं आणि त्या कुबट वासासरशी मला गौलीगुड्यातली एक सकाळ आठवली. आमच्या गल्लीत बंब शिरत नाही, म्हणून आग लागलीच तर आपणच धावायचं असं ठरवून आम्ही दहा-बारा जणींनी नावं दिली होती. शिकवायला अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक चाचा यायचे. पेटत्या सिलिंडरवर ओलं पोतं टाकणं जमलं. पण माणसाला पाठीवर घेऊन जिना उतरायची वेळ आली, तेव्हा स्वतःला उचलून घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी माझे सासरे, ज्यांच्यासमोर मी कधी खुर्चीवरही बसले नव्हते, "मी होतो बेशुद्ध" म्हणत चष्मा काढून आडवे झाले. मी पदर खोचला, आणि मामंजींच्या अंगाला हात लावायचा म्हणून आधी वाकून नमस्कार केला. बेशुद्ध मामंजींनीही सवयीने हात वर करून "अखंड सौभाग्यवती भव" म्हटलं. "आग में पावां नक्को पड़ो अम्मा, पैले उठाओ!" चाचा ओरडले. सगळ्या हसून बेजार. मग मी त्यांना पाठीवर घेतलं. किती हलके होते! "सावकाश गं," ते कानाशी पुटपुटले. गेल्या वर्षी त्यांना न्यायला चौघे आले, तेव्हा मी सगळ्यांआधी वाकले. या वेळी कुणी ओरडलं नाही. मी मात्र जरा जास्तच वेळ वाकून राहिले, हात वर होईल म्हणून.