हनुवटीवरची दोन बोटं

मला एका जागी बसता येत नाही. "हिना पायले भिंगरी शे," असं माय मी लहान असल्यापासून म्हणत आली आहे. कोरोनाची दुसरी लाट सुरतेत आली त्या उन्हाळ्यात हा माझा दुर्गुण एकदम समाजसेवा ठरला.

कोसाडच्या आमच्या वसाहतीतून रोज कुणी ना कुणी खोकत रिक्षात बसायचं आणि मोठ्या दवाखान्याच्या दारातूनच परत यायचं. आत खाट नसायची. शेवटी आमच्या खानदेशी मंडळींनी लग्नाची वाडी उघडली. लग्नकार्याच्या हॉलला इकडे वाडीच म्हणतात. जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या ठेवायच्या तिथे ऑक्सिजनचे सिलिंडर आले, खाली ओळीने खाटा लागल्या आणि एक तरुण डॉक्टरीण रोज दोन्ही वेळेला यायला तयार झाली. मी घरी साड्यांना लेस लावायचं काम करायची. मार्केट बंद म्हणून कामही बंद. दोन खोल्यांत चकरा मारून मी मायचं डोकं उठवलं होतं. वाडीत स्वयंपाकाला बायका हव्यात असं कळलं तेव्हा मी सरळ चपला घातल्या.

वाडीतलं पहिलं भांडण अंड्यांवरून झालं. डॉक्टरीण म्हणाली, पेशंटला रोज अंडं द्या. वाडीत कधी अंडं शिरलेलं नाही, असं व्यवस्था बघणारे काका म्हणाले. काका साड्यांचे दलाल, वय झालेले, आणि दिवसभर फोनवर सिलिंडरसाठी गयावया करून त्यांचा आवाज बसलेला होता. मग गाड्या लावायच्या जागेत एक वेगळी शेगडी मांडून तिच्यावर अंडी उकडायची असं ठरलं. वाडी बाटली नाही आणि अंडंही मिळालं. मी त्या शेगडीपासून आतल्या खिचडीपर्यंत आणि खिचडीपासून परत शेगडीपर्यंत दिवसभर पळत राहायची. थांबलं की भीती वाटायची, म्हणून पळत असावी.

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये एक मोठी खिडकी आहे. लग्नात वाढपी तिच्यातून भांडी घेतात. तिला जाड काच बसवून घेतली होती. जेवण मागच्या दाराने जायचं, पीपीई किट घातलेली स्वयंसेवक मुलं न्यायची, आणि आम्ही बायका काचेतून नुसतं बघायचो. कोण जेवलं, कोणाचं ताट तसंच परत आलं.

मग त्याच हॉलमध्ये आप्पा आले.

आप्पा म्हणजे माझे वडील. उभा जन्म कतारगामकडच्या खात्यात गेला. खातं म्हणजे लूमचा, यंत्रमागांचा कारखाना. ताप आला तेव्हा, "माले काय धाड भरनी?" म्हणत तीन वेळा अंगणात जाऊन आले आणि चौथ्यांदा उंबऱ्यातच बसले. ऑक्सिजन मोजायचं मशीन बोटाला लावलं तर आकडा खाली खाली चाललेला. काकांनी ऑक्सिजनची एक खाट कशीबशी मोकळी करून दिली, आणि नशिबाने ती माझ्या खिडकीसमोरच होती. मी डॉक्टरणीला सांगितलं, यांना थोडं कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने बोला. लूमवाल्यांना कमी ऐकू येतंच, त्यात विशेष काही नाही, असंच आम्ही घरात धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. आप्पा ऑक्सिजनचा मास्क काढतात. एरवी गप पडून असतात, पण कुणी जवळ जाऊन बोलायला लागलं की हात वर जातो आणि मास्क हनुवटीखाली. मुलं ओरडतात, दादा, काढू नका. आप्पा मान डोलवतात, हो हो. मुलांनी मास्क परत चढवला आणि पुन्हा काही विचारलं की पुन्हा काढतात. तेवढ्यात बोटावरचा आकडा घसरतो, आणि वर यायला बराच वेळ लागतो.

"बेन, पप्पा मानते नहीं हैं," डॉक्टरीण मला मागच्या दारात म्हणाली. तिच्या नाकावर चष्म्याचा आणि मास्कचा असे दोन लाल वळ होते. "हम बोलते हैं, वो हां बोलते हैं, फिर निकाल देते हैं. ऐसे तो ऑक्सिजन का कोई मतलब ही नहीं."

काकांनी तेच बसक्या आवाजात सांगितलं. "देख ताई, खाट तुन्ही नही, मन्ही बी नही. गेटवर किती लोके उभा शेतस. आप्पा मास्क ठेवत नही तं ती खाट दुसराले देनी पडी. नही तं हात बांधना पडी. तूच सांग माले."

मला आप्पांचा इतका राग आला की पळीने खिचडी ढवळता ढवळता ती पातेल्याबाहेर सांडली. आयुष्यभर हट्टीपणा केला. मायने सांगितलं गावी जमिनीच्या वाटणीला जा, गेले नाहीत. मी सांगितलं आता खातं सोडा, सोडलं नाही. आणि आता श्वास घ्या म्हटलं तर तेही ऐकायचं नाही? मी त्यांना फोन लावला. एका मुलाने तो त्यांच्या कानाला धरला. मी ओरडले, रडले, शेवटी मायची शपथ घातली. काचेतून दिसत होतं, आप्पा फोनला मान डोलवत होते. हो, हो.

त्या दुपारी मी खिडकीवरून हललेच नाही. हात बांधायचे असतील तर बघूनच घेऊ, असं काहीसं डोक्यात होतं. किट घातलेला एक मुलगा आप्पांजवळ गेला, वाकला, काहीतरी विचारू लागला. आप्पांचे डोळे त्याच्या मास्कवर खिळले. मग त्यांनी आपला मास्क खाली ओढला. आणि त्यानंतर जे केलं ते आतापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सगळ्यांचं लक्ष मास्क परत चढवण्याकडे असायचं. त्यांनी दोन बोटं स्वतःच्या हनुवटीला लावली आणि खाली झटकली.

मला ती खूण माहीत होती. शाळेत असताना मी खात्यात डबा घेऊन जायची. आत इतका खडखडाट की स्वतःचा विचारही ऐकू येऊ नये, आणि हवेत धाग्यांची बारीक धूळ. सगळे कारागीर तोंडाला रुमाल बांधून उभे. मी पण ओढणी नाकावर धरून आत शिरायची आणि तशीच काहीतरी बोलायला जायची. आप्पा आधी आपला रुमाल खाली करायचे आणि मग दोन बोटं हनुवटीवरून खाली झटकायचे. कापड काढ, मग बोल. खात्यात कुणी कुणाचं ऐकत नाही, सगळे एकमेकांची तोंडं वाचतात. बोलायचं असेल तर तोंड दाखवावं लागतं, आणि ज्याला विचारायचं त्याने आधी आपलं दाखवायचं. ती तिथली रीत.

आप्पांना थोडं कमी ऐकू येत नव्हतं. काहीच ऐकू येत नव्हतं. घरात आम्ही सगळे उघड्या तोंडाने बोलायचो, म्हणून कितीतरी वर्षं ते निभावून नेत होते. इथे आल्यापासून त्यांना एकही तोंड दिसलं नव्हतं. नुसते पांढरे अंगरखे यायचे आणि वाकून उभे राहायचे. मग आप्पा रीतीप्रमाणे आपलं तोंड दाखवायचे, की समोरचाही दाखवेल. आणि त्यासाठी दर वेळी श्वास मोडायचे.

मी काचेवर दोन्ही हात आपटले. आप्पांना अर्थातच कळलं नाही, पण त्या मुलाने वळून बघितलं. मी आप्पांकडे बोट दाखवून हातवारे केले, यांना इकडे वळव. आप्पांनी बघितलं. मी माझा मास्क खाली केला आणि आवाज न काढता, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "आप्पा. ते काढू नका. मी आठे शे, इथेच. मन्हाकडे देखा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मास्क स्वतःच्या हाताने नाकावर चढवला. मग मला खुणेने विचारलं, माय कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे, तुमच्या नावाने बोटं मोडते आहे. ते मास्कच्या आत हसले असावेत, कारण डोळ्यांच्या कडा आकसल्या. मी खाली वाकून खूप रडले आणि मग अंड्यांच्या शेगडीकडे पळाले, कारण पाणी आटून गेलं असणार होतं.

त्यानंतर माझं काम बदललं. डॉक्टरीण राऊंडला आली की मी काचेमागे उभी. ती मला फोनवर विचारायची, मी तोंडाने आप्पांना विचारायची, ते हाताने उत्तर द्यायचे आणि मी ते फोनवर तिला सांगायची. छातीत दुखतं का? जेवण गेलं का? पालथं झोपा. बघता बघता हॉलमधले बाकीचे लूमवालेही माझ्याकडे तोंड करू लागले. ओडिशाचा एक कारागीर होता, त्याला माझी भाषा येईना, पण खात्यातल्या खुणा सगळ्यांच्या एकच. डॉक्टरीण दारात दिसली की हे सगळे एकमेकांना मिशी पिळून दाखवायचे. खात्यात त्याचा अर्थ, शेठ आला. तिने मला विचारलं, ये क्या बोल रहे हैं? मी म्हटलं, मॅडम, मान देतात तुम्हाला.

आप्पांचा हात त्यानंतर कुणाला बांधावा लागला नाही. खाट त्यांचीच राहिली. मला वाटू लागलं की झालं, आपण जिंकलो. मी मायला सांगूनही टाकलं.

पण आकडा वर येईना. आप्पा मास्क धरून ठेवत होते, सांगितलं तसं पालथे झोपत होते, माझ्याकडे बघून सगळं करत होते, तरी येईना. एका संध्याकाळी डॉक्टरीण म्हणाली की इथे आता भागणार नाही, मोठ्या मशीनची गरज आहे. काकांनी कुठे कुठे फोन केले देव जाणे, पण एका दवाखान्यात खाट मिळाली आणि ॲम्ब्युलन्स वाडीच्या दारात लागली.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट भिरभिरत होती. तिथे खिडकी नाही. तिथे मी नाही. मी डॉक्टरणीच्या मागे लागले, तिथल्या लोकांना सांगा, यांच्याशी बोलताना तोंड दाखवा. "बेन, वहां कोई मास्क नहीं उतारेगा," ती म्हणाली. "मैं भी नहीं उतारती."

म्हणजे आता जे सांगायचं ते मीच, आणि इथेच. स्ट्रेचर बाहेर आलं तशी मी धावले. एका मुलाने मला अडवलं, मी त्याच्या हाताखालून शिरले. इतक्या दिवसांत आमच्यामध्ये पहिल्यांदाच काच नव्हती. आप्पांनी मला बघितलं. मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, तिथे कुणी बोललं आणि कळलं नाही तरी घाबरू नका, ते काढू मात्र नका, मी मागून येते आहे, दारात बसून राहते.

चादरीतून आप्पांचा हात वर आला. दोन बोटं हनुवटीला लागली. मी तोंड दाखवतच होते, मग आणखी काय हवं आहे ते मला कळेना. तेवढ्यात त्यांनी ती बोटं वर झटकली, हनुवटीवरून नाकाकडे. अशी खूण खात्यात नाही. त्यांनी ती पुन्हा केली, या वेळी रागाने, मी लहानपणी मशीनच्या पट्ट्याजवळ गेले की ज्या रागाने बघायचे तशाच. झाक. तोंड झाक.

त्या दवाखान्यातून आप्पा परत आले नाहीत. मी बाहेरच्या फुटपाथवर किती चकरा मारल्या ते मला आठवत नाही, आणि आठवायचंही नाही. आठवते ती वाडीच्या दारातली तेवढी जागा. मी त्यांचं ऐकलं, मास्क वर केला, आणि जे सांगायचं होतं ते सगळं मास्कच्या आत भरभर, एका दमात सांगितलं. आप्पा माझ्या झाकलेल्या तोंडाकडे बघत होते आणि ॲम्ब्युलन्सचं दार बंद होईपर्यंत मान डोलवत होते. हो, हो.