पूजेचं कपाट

धुपाचा वास आला की बसवनगुडीतल्या शाळेतली दसऱ्याची आयुधपूजा आठवते. मी मुख्याध्यापक होतो. ऑफिसच्या कपाटाला कुंकू लावून, हार घालून कुलूप लावलं होतं. त्या धुरानं दम्याची एक मुलगी धापा टाकू लागली. "सर, किल्ली द्या, हिचा पंप आत आहे," आया म्हणाली. "पूजा झालेलं कपाट आज उघडत नाहीत. पाणी पाज, स्वल्प थांब." शेवटी ऑटोनं दवाखाना गाठला, म्हणून ती वाचली. धावत आलेल्या आईला मी म्हणालो, "आज पंप पाठवायला विसरलात." "सकाळच्या घाईत राहिला असेल. चुकलं माझं, बाळा," म्हणत ती रडली. तोंडावर मास्क असलेली मुलगी नुसती माझ्याकडे पाहत राहिली. ती नजर सोसून आता थकलोय. तिच्या आईनं पंप दिला होता.